बांधणीनंतरची खटखट

मोटारीचे इंजिन पूर्ण उघडून, सिलिंडरना बोअर मारून, क्रँक घासून आणि नवे पिस्टन, रिंगा व बेअरिंग बसवून पुन्हा बांधल्यावर पहिल्या काही तासांत किंवा पहिल्या काही शे किलोमीटरांत त्यातून खटखट ऐकू येऊ लागली, तर तिचे निदान जुन्या इंजिनाच्या खटखटीच्या पद्धतीने करता येत नाही. लाख-दीड लाख किलोमीटर धावलेल्या इंजिनात झीज हा पहिला संशयित असतो आणि बहुधा तो खराही ठरतो. नुकत्याच बांधलेल्या इंजिनात मात्र झीज व्हायला अवधीच मिळालेला नसतो. त्यामुळे तिथला आवाज चुकलेल्या मापाचा, उलट बसलेल्या भागाचा, आत राहून गेलेल्या घाणीचा किंवा इंजिन उघडले असताना न तपासलेल्या एखाद्या जुन्या भागाचा असतो. निदानाची सुरुवात म्हणूनच कानापासून न होता झालेल्या कामाच्या क्रमापासून व्हावी लागते: काय काढले, काय घासले, किती घासले, काय नवे आले आणि कोणते माप कोणी घेतले.

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळवणे महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात विशेष कठीण जाते. उदाहरणार्थ, मादन हिप्परगा हे कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातील गाव महाराष्ट्राच्या सीमेलगत आहे. पलीकडे धाराशिव जिल्ह्यातील उमरगा, एका अंगाला सोलापूर, दुसऱ्या अंगाला बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, आणि या मुलखाच्या उत्तरेकडून पुण्याहून सोलापूर, उमरगा, हुमनाबादमार्गे हैदराबादकडे जाणारा महामार्ग. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्ये नव्याने आखली गेली तेव्हा कलबुर्गी आणि बिदर म्हैसूर राज्यात गेले व उस्मानाबाद (आजचे धाराशिव) मुंबई राज्यात आले. त्याआधी, सोलापूर सोडता, हा सगळा टापू हैदराबाद संस्थानात होता, जिथे निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी सार्वजनिक मोटारवाहतूक सुरू केली होती. रेषा आखली गेली तरी गाड्यांच्या कामाचा व्यवहार तिला फारसा जुमानत नाही. अशा गावांत इंजिन उतरवणे आणि बांधणे हे काम गावचा किंवा जवळच्या बाजारगावाचा मिस्त्री करतो, ब्लॉक आणि क्रँक मोठ्या शहरातील लेथवाल्याकडे जातात, सुटे भाग तिसऱ्याच ठिकाणच्या दुकानातून येतात. बोलणे मराठीत, कन्नडात आणि दखनीत होते आणि माप तिन्ही भाषांत तोंडीच राहते. लेथवाल्याला पिस्टन दिसलेला नसतो, दुकानदाराला क्रँक दिसलेला नसतो, आणि मिस्त्रीकडे मायक्रोमीटर असला तरी दोघांच्याही कामावर विश्वास ठेवण्याची रीत पडून गेलेली असते. बांधणीनंतरच्या खटखटीची मुळे बरेचदा या तीन माणसांच्या मधल्या जागेत सापडतात.

या टापूतल्या गाड्यांचेही स्वतःचे असे वळण आहे. तुरीच्या पोत्यांपासून प्रवाशांपर्यंत सर्व वाहणाऱ्या जीप, ट्रॅक्स आणि पिकअप गाड्यांत डिझेलचा वरचष्मा राहिला. महिंद्राच्या जीपमध्ये एके काळी प्यूजो कंपनीच्या आराखड्याचे २११२ घनसेंटिमीटरचे आणि नंतर थेट फवारणीचे २५२३ घनसेंटिमीटरचे इंजिन असे, आणि त्यांची साधी, जाड ओतकामाची घडण पुनःपुन्हा बोअर मारण्यास सोयीची असल्यामुळे एकच ब्लॉक दोन-तीन पिढ्यांच्या पिस्टनांना आसरा देत आला. पेट्रोल गाड्या नंतर वाढल्या. या दोन्ही प्रकारांत ‘नॉकिंग’ हा एकच शब्द वापरला जातो. प्रत्यक्षात त्याखाली दोन वेगळ्या जातीचे आवाज येतात, एक जळण्याचा आणि दुसरा धातूवर धातू आपटल्याचा, आणि पहिली फाटाफूट इथेच करावी लागते.

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडल्यावर ज्वाळेची आघाडी सिलिंडरभर पसरत जाते. ती पोहोचण्यापूर्वीच टोकाला उरलेले मिश्रण दाब आणि उष्णता यांमुळे आपोआप पेटले, तर दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटून किणकिणता आवाज करतात. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास याचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि ९ डिसेंबर १९२१ रोजी अमेरिकेत टॉमस मिजली यांना शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये मिसळल्यास हा आवाज थांबतो असे आढळले. ते विषारी शिसे भारतातील पेट्रोलमधून १ फेब्रुवारी २००० पासून पूर्णपणे हटवण्यात आले. ज्वलनाचा हा आवाज इंजिनावर ताण असताना, म्हणजे चढावर, भरलेल्या गाडीत, वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबताच येतो आणि उभ्या गाडीला नुसती रेस दिल्यास बहुधा येत नाही. कलबुर्गीच्या उन्हाळ्यात, जेव्हा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा आत शिरणारी हवाच तापलेली असल्याने तो वाढतो.

बांधणीनंतर हा आवाज नव्याने सुरू झाला, तर त्याचे कारण इंधनात शोधण्याआधी सिलिंडर हेडमध्ये शोधावे. हेड वाकले म्हणून ते तासून सपाट केले जाते, त्या तासण्याने ज्वलनपोकळी लहान होते आणि दाबाचे गुणोत्तर वाढते. समजा, सिलिंडरची क्षमता २६५ घनसेंटिमीटर आणि पोकळी ३४ घनसेंटिमीटर आहे. गुणोत्तर सुमारे ८.८ होते. तासल्याने पोकळी केवळ २ घनसेंटिमीटरने कमी झाली तरी ते ९.३ च्या आसपास जाते, आणि पूर्वी निमूट चालणारे ठिणगीचे टायमिंग आता पुढे पडू लागते. टायमिंगचा पट्टा किंवा साखळी एका दात्याने चुकणे, डिस्ट्रिब्यूटर पूर्वीच्या खुणेवर न बसणे, चुकीच्या उष्णता-श्रेणीचा प्लग, हीही कारणे याच पंक्तीतली. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने विक्रीस आलेल्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर आज प्रत्येक आवाजाचे खापर फुटते; परंतु इथेनॉल हे स्वतः या आवाजाला पेट्रोलपेक्षा अधिक विरोध करणारे इंधन आहे, त्यामुळे निदान खटखटीच्या बाबतीत तरी हा आरोप सरसकट टिकत नाही. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण पातळ होऊन इंजिन जास्त तापू शकते, एवढाच त्यातला विचारात घेण्याजोगा भाग.

डिझेलचे गणित याच्या उलट आहे. तिथे इंधन पेटायला लागणारा उशीर जितका जास्त, तितके साचलेले इंधन एकदम भडकून ठोका मोठा होतो; म्हणून थंड इंजिन अधिक खडखडते आणि तापल्यावर मवाळ होते. बांधणीत फ्युएल पंपाचा गिअर खुणेवर न बसल्यास किंवा एखादा नोजल फवारण्याऐवजी थेंब टाकत असल्यास एका सिलिंडरचा ठोका इतरांपासून वेगळा ऐकू येतो. थेट फवारणीच्या डिझेल इंजिनात आणखी एक सापळा असतो. त्यातील पिस्टन वरच्या टोकाला ब्लॉकच्या पातळीच्या किंचित वर येतो, तो किती वर येतो हे डायल गेजने मोजून त्याप्रमाणे हेड गॅस्केटची जाडी निवडायची असते, आणि गॅस्केटच्या कडेवरील खाचा किंवा भोके ती जाडी सांगतात. ब्लॉकचा माथा तासून घेतला आणि गॅस्केट मात्र जुन्याच जाडीचे आणले, तर पिस्टन हेडला टेकू लागतो आणि प्रत्येक फेऱ्याला कोरडा, कठीण ठोका पडतो, जो इंधन बंद करूनही जात नाही.

इथपर्यंतचे आवाज बाजूला काढल्यावर उरतात ते यांत्रिक आवाज, आणि त्यांच्या निदानाची सर्वांत जुनी व आजही सर्वांत उपयोगी रीत म्हणजे एकेक सिलिंडर ‘मारून’ पाहणे. पेट्रोल गाडीत रबरी हातमोजा घालून किंवा योग्य साधनाने प्लगची वायर काढून ती अर्थ करतात, जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेलमध्ये नोजलच्या नळीचा नट किंचित सैल करतात, त्यामुळे त्या सिलिंडरमधले ज्वलन थांबते आणि त्याच्या पिस्टनवरचा धक्का नाहीसा होतो. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या डिझेलमध्ये असे कदापि करू नये: त्या नळ्यांतला दाब १००० बारच्या वर जातो आणि बारीक धार कातडीतून आत शिरून हात गमावण्याची वेळ येऊ शकते, तिथे स्कॅनरने एकेक इंजेक्टर बंद करायचा. ज्या सिलिंडरला मारल्यावर खोल, जड खटखट लक्षणीय कमी होते, त्याच्या कनेक्टिंग रॉडचे मोठ्या टोकाचे बेअरिंग संशयित; हा आवाज साधारण २००० ते २५०० फेऱ्यांवर, आणि विशेषतः रेस सोडतानाच्या क्षणी, स्पष्ट होतो. पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनचा आवाज हलका, टणक आणि दुहेरी असतो, आयडलवर नीट ऐकू येतो आणि सिलिंडर मारल्यावर कमी होण्याऐवजी कधी त्याची तऱ्हाच बदलते. मेन बेअरिंगचा ठोका सर्वांत खोल असतो, भाराखाली वाढतो आणि कोणताही एक सिलिंडर मारून त्यात फारसा फरक पडत नाही. वरच्या बाजूची टॅपेटची टिकटिक क्रँकच्या निम्म्या वेगाने चालते, कारण कॅमशाफ्ट दोन फेऱ्यांत एकदाच फिरतो. आयडल ९०० असेल तर क्रँक सेकंदाला १५ वेळा फिरतो आणि कॅम साडेसात वेळा, आणि सरावलेला कान हा फरक बिनचूक ओळखतो. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून ऐकण्याची मिस्त्रींची पद्धत हास्यास्पद नाही, फक्त तिने जागा कळते, कारण कळत नाही.

पिस्टनच्या आवाजाला थोडा अधिक वेळ देणे योग्य ठरेल, कारण तिथे चूक आणि चालण्याजोगी गोष्ट शेजारी-शेजारी असतात. थंड इंजिनात पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर कलंडून आपटतो, तो बोथट आवाज इंजिन तापून पिस्टन फुगल्यावर मिटत असेल तर काही बनावटींमध्ये तो सहन करण्यासारखा असतो. तापल्यावरही तो राहिला, तर दोन शक्यता उरतात. पहिली, पिस्टन उलट बसला आहे: गजन पिनचे भोक पिस्टनच्या मध्यावर नसून जोर पडणाऱ्या बाजूकडे किंचित सरकवलेले असते आणि माथ्यावरचा बाण इंजिनाच्या पुढच्या बाजूस ठेवावा लागतो, तो विसरला की आवाज कमी करण्यासाठी केलेली युक्तीच आवाज वाढवते. दुसरी शक्यता, बोअर मोठा झाला आहे. इथे कामाचा क्रम निर्णायक ठरतो: आधी ओव्हरसाइज पिस्टन विकत घ्यावा, तो मायक्रोमीटरने मोजावा आणि मग त्याच पिस्टनला धरून, ठरलेली फट सोडून, सिलिंडरला बोअर मारावा. प्रत्यक्षात लेथवाल्याला “पन्नास मारा” एवढा निरोप जातो, तो अर्ध्या मिलिमीटरने बोअर करतो, आणि चार दिवसांनी दुकानातून येणारा पिस्टन त्या अर्ध्या मिलिमीटरशी आपल्या कंपनीच्या हिशेबाने जुळतो किंवा जुळत नाही. ही फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांची असते; तोंडी निरोपात तेवढे सहज हरवते.

मोठ्या टोकाच्या बेअरिंगची खटखट मात्र सहन करण्यासारखी कधीच नसते. क्रँकच्या जर्नलमध्ये आणि बेअरिंगच्या दोन अर्ध्या पट्ट्यांमध्ये तेलाचा जो थर असतो त्याच्यावर सगळा भार तोललेला असतो. ५० मिलिमीटरच्या जर्नलला ही फट सुमारे ०.०४ ते ०.०५ मिलिमीटर ठेवतात, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. क्रँक पाव मिलिमीटर घासला असताना पट्ट्या मात्र स्टँडर्ड आल्या, तर इंजिन पहिल्याच मिनिटापासून ठोके देते. पट्टीच्या पाठीवर कोरलेले माप वाचणे एवढ्यानेच ही चूक टळते. याहून फसवी चूक कॅपची. कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप कारखान्यात एकत्र धरून तासलेली असतात, त्यांच्यावर जोडीचे आकडे असतात. एका रॉडची कॅप दुसऱ्याला लागली किंवा स्वतःचीच उलट लागली की भोक गोल राहत नाही. फट जास्त वाटली म्हणून पट्टीच्या मागे कागद किंवा पत्र्याचे पॅकिंग घालण्याची आणि घट्ट वाटली म्हणून कॅप कानशीने घासण्याची जी रीत अनेक ठिकाणी चालते, ती दुरुस्ती या नावाला पात्र नाही. त्याने पट्टीची उष्णता रॉडमध्ये उतरत नाही आणि काही दिवसांत ती फिरून बसते. घासताना जर्नलच्या कोपऱ्यातील गोलाई मोठी ठेवली गेली तर पट्टीची कड तिच्यावर चढते. मेन बेअरिंगची भोकाची पट्टी खाली आणि बिनभोकाची वर बसली तर तेलाचा रस्ताच बंद होतो.

या सर्वांपेक्षा अधिक इंजिने मात्र घाणीने जातात. क्रँक घासल्यावर दगडाचा चुरा त्याच्या आतल्या तेलाच्या भोकांत शिरतो. भोकांच्या टोकांचे प्लग काढून, ब्रशने आणि दाबाने ती धुतल्याशिवाय तो निघत नाही. काळ्या मातीच्या मुलखात उन्हाळ्यात वारा उठला की उघड्या शेडमध्ये जोडणी करणे म्हणजे त्या चुऱ्यात भर घालणे होय, आणि ओल्या फडक्याने पुसलेला जर्नल स्वच्छ दिसला तरी स्वच्छ असतोच असे नाही. त्यातच कोरड्या इंजिनाला धक्का मारून सुरू केले जाते. तेलाचा पंप आधी तेलाने भरून, इंधन तोडून, गेजवर दाब दिसेपर्यंत स्टार्टरने फिरवणे हे पाच मिनिटांचे काम पट्ट्यांचे आयुष्य ठरवते.

म्हणून खटखट ऐकू आल्यावरची पहिली मोजणी तेलदाबाची. डॅशबोर्डावरचा दिवा यासाठी निरुपयोगी आहे. प्रेशर स्विच काढून तिथे यांत्रिक गेज लावावा आणि इंजिन पूर्ण तापल्यावर वाचावा. दर हजार फेऱ्यांमागे सुमारे १० पौंड हा कामचलाऊ दंडक आहे, अचूक आकडा त्या-त्या इंजिनाच्या पुस्तकातला. दाब थंडीत भरपूर आणि तापल्यावर कोसळत असेल तर फट मोठी आहे. दाब उत्तम असूनही एकाच ठिकाणी ठोका असेल, तर तेल पंपातून निघते पण त्या बेअरिंगपर्यंत पोहोचत नाही किंवा दोष बेअरिंगचा नाहीच. त्यानंतर तेल एका पांढऱ्या थाळीत काढावे, फिल्टर कापून त्याचा कागद उलगडावा आणि चमकणाऱ्या कणांवर चुंबक धरावा: चिकटले ते लोखंड, म्हणजे क्रँक, रिंगा किंवा कॅम, न चिकटणारे करडे कण बेअरिंगच्या वरच्या थराचे किंवा पिस्टनच्या अ‍ॅल्युमिनियमचे, तांबूस झाक दिसली तर पट्टीचा वरचा थर संपून आतला उघडा पडला आहे. नव्या इंजिनाच्या पहिल्या तेलात थोडी बारीक करडी झाक रिंगा बसताना येतेच. बोटांना जाणवणारे कण मात्र कधीच येऊ नयेत.

चेंबर, म्हणजे इंजिनाखालचे तेलाचे भांडे, उतरवण्यापूर्वी नकली खटखटी तपासून संपवाव्यात, कारण त्यांनी पुष्कळ इंजिने विनाकारण उघडली गेली आहेत. क्रँकच्या पुलीचा बोल्ट सैल राहणे, फ्लायव्हीलचे बोल्ट ठरलेल्या जोराने न आवळणे, जॅकने दबलेला चेंबर आतल्या तेलाच्या जाळीला टेकणे, सायलेन्सरचा पाइप चॅसीला लागणे, हे सर्व रॉडच्या खटखटीची हुबेहूब नक्कल करतात. क्लच दाबताच आवाज बदलला तर क्रँकची पुढे-मागे होणारी हालचाल मोजावी. तिथले थ्रस्ट वॉशर उलट लागलेले आढळतात. हायड्रॉलिक टॅपेट हवेमुळे पहिली काही मिनिटे वाजतात आणि तेल भरल्यावर शांत होतात.

“चालवा, बसेल” हा सल्ला सीमेच्या दोन्ही बाजूंना सारख्याच सहजतेने मिळतो. चालवून बसते ते रिंगांचे आणि सिलिंडरच्या भिंतीचे घर्षण, आणि भरते ती टॅपेटमधली हवा. क्रँकच्या बाजूची फट चालवून कधीच कमी होत नाही, आणि पन्नास किलोमीटर ‘बसण्याची’ वाट पाहिली की पट्ट्यांच्या किमतीचे काम क्रँकच्या किमतीचे होते. विरोधाभास असा की, हे भाग घडवण्यात हाच प्रदेश जगात मान्यता पावलेला आहे: पुण्यात भारत फोर्जमध्ये क्रँकशाफ्ट घडतात, सोलापुरात प्रिसिजन कॅमशाफ्ट्स १९९२ पासून देशोदेशीच्या मोटारींसाठी कॅमशाफ्ट बनवते, आणि मोटारींच्या चाचण्यांसाठीची देशातील प्रमुख संस्था एआरएआय १९६६ पासून पुण्यातच आहे. मायक्रॉनमध्ये मोजणारे कारखाने आणि तोंडी निरोपावर चालणारी बांधणी यांच्यातले अंतर रस्त्याने काही तासांचे आहे.

नव्या पेट्रोल गाड्यांत आणखी एक साक्षीदार असतो. ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर ज्वलनाच्या आवाजाची कंपने टिपतो आणि संगणक ठिणगी मागे घेतो. ही कंपने कोणत्या वारंवारितेची असतात हे सिलिंडरच्या व्यासावर अवलंबून असल्याचे १९३० च्या दशकात चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी दाखवले. ८० मिलिमीटर व्यासाला ती सुमारे ७ किलोहर्ट्झ येते. मात्र सेन्सरचा बोल्ट ठरलेल्या जोराने आवळलेला नसेल किंवा त्याच्याखाली वॉशर घातला असेल तर तो बहिरा होतो. आणि कधी बेअरिंगची खटखटच ऐकून संगणक ठिणगी मागे घेत राहतो, ज्यामुळे गाडीला ओढ नाही ही तक्रार आधी येते व आवाजाकडे लक्ष नंतर जाते.

चेंबर उतरवल्यावर प्रत्येक कॅप एकेक करून उघडावी आणि कोरड्या जर्नलवर प्लास्टिगेज, म्हणजे मऊ प्लॅस्टिकचा बारीक धागा, ठेवून ती ठरलेल्या जोराने आवळावी; क्रँक न फिरवता पुन्हा उघडल्यावर धागा किती पसरला यावरून पाकिटावरच्या पट्टीशी ताडून फट थेट वाचता येते. एकच पट्टी खराब आढळली तरी तेवढीच बदलून इंजिन बंद करणे हा दुसऱ्या खटखटीचा पाया असतो, कारण तिचे कण तोपर्यंत तेलाच्या पंपात, ऑइल कूलरमध्ये आणि ब्लॉकच्या वाहिन्यांत जाऊन बसलेले असतात. पंप उघडून तपासावा, कूलर धुऊन खात्री पटत नसेल तर बदलावा, क्रँक पुन्हा मोजावा, रॉडचे ताणले जाणारे बोल्ट नवे घालावेत, आणि प्रत्येक माप तारखेसह कागदावर लिहून तो कागद लेथवाला, दुकानदार आणि मिस्त्री या तिघांच्या हातून फिरवावा. पहिले तेल व फिल्टर ५०० किलोमीटरच्या आतच बदलावा, आणि तो फिल्टरही कापून पाहावा.